साडीला टांगलेला मनोरा

शेजारच्या खळ्यावर हळद उकडायचा मोठा कुकर पेटला की आमच्या घरी दोन कामं निघतात. एक म्हणजे दोरीवरची धुणी आत आणणं. वाफ आणि धूळ मिळून उशांचे अभ्रे, सदरे, देवाचं वस्त्र, सगळ्यांना अशी पिवळी झाक आणतात की घरात रोजच कुणाला तरी हळद लागतेय असं वाटावं. दुसरं काम म्हणजे परसातल्या लोखंडी मनोऱ्याचा तारेचा दोर पुसणं. त्यासाठी एक हिरवं फडकं आहे. एकेकाळी ती माझी पाडव्याची साडी होती. आता तिचा हातभर तुकडा उरलाय आणि तोही ग्रीसनं काळा पडलाय. तरी मी दुसरं फडकं काढत नाही.

आज सकाळी तो वास आला. उकडलेल्या हळदीचा वास ज्यानं घेतला नाही त्याला तो सांगून कळत नाही. मातीचा, थोडा आल्यासारखा, थोडा कडवट, आणि नाकातून शिरून थेट पोटात ऊब देणारा. बाहेर लिंब मोहरलाय. डोंगरकडा गावच्या केळीच्या बागांवरून येणारा वारा अजून सकाळी गार असतो आणि दहा वाजले की अंगावर यायला लागतो. चैत्र आला. आता आठवडाभर मला त्या एका चैत्राखेरीज दुसरं काही सुचायचं नाही.

हा मनोरा मला कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते. परसात जिथं मला लिंबूणीचं झाड हवं होतं, बरोबर तिथं ह्यांनी तो उभा केला. हे, म्हणजे माझे यजमान, हायस्कूलला विज्ञान शिकवायचे. त्यांनी शाळा सांभाळली, मी शेत सांभाळलं, असा आमचा संसार. त्यांना नाद हौशी रेडिओचा. सरकारी परवाना घेऊन घरी रेडिओचं यंत्र बसवायचं आणि दूरदूरच्या तसल्याच नादिष्ट माणसांशी आभाळातून गप्पा मारायच्या, असा तो नाद. मोबाइल आले, तरी ह्यांचं हे चालूच राहिलं. "मोबाइलवर ज्याचा नंबर माहीत आहे त्याच्याशीच बोलता येतं," हे म्हणायचे. "इथं हाक मारायची आणि कोण ओ देतं ते बघायचं."

हाक लांब जायची तर अँटेना उंच हवा, आणि उंच अँटेना वादळात टिकायचा तर तो खाली घेता आला पाहिजे. म्हणून हा मनोरा. लोखंडी जाळीचे चार टप्पे, डब्यात डबा बसावा तसे एकात एक बसणारे. खाली पत्र्याच्या टोपीत मोटर. बटण दाबलं की मोटर दोर गुंडाळते, टप्पे एकातून एक निघत वर जातात आणि माथ्यावरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या काड्या नारळाच्याही वर जाऊन बसतात. त्या काड्यांवर पोपट बसतात. गावातल्या लोकांना वाटलं, सरांनी मोबाइलचा टॉवर आणला. शेजारच्या गंगाकाकू कितीतरी वर्षं मला विचारत, "काहून गं इंदू, तुमचा टावर येवढा उंच, अन् माझ्या फोनला रेंज काहून येत न्हाई?"

इंदू म्हणजे मी. सगळं गाव मला इंदू म्हणतं. मोठी माणसं नुसतं इंदू, बरोबरीच्या इंदूताई, सालगडी इंदूवहिनी. एक हेच तेवढे कधी नाही. ह्यांचं आपलं "अगं", "ऐकलं का", आणि फारच प्रेम आलं तर "अहो शेतकरीणबाई". लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा हे पाणी प्यायच्या निमित्तानं उठून गेले ते जेवणाची पंगत बसल्यावरच परतले. पुढं कुणाच्याही कार्यात बायका नावासाठी अडवायच्या आणि हे लाल होऊन हसत सटकायचे. वर्गात चाळीस पोरांना गप्प करणारा माणूस, पण दोन अक्षरांना घाबरायचा. मी त्या मनोऱ्याला सवत म्हणायचे, कारण त्याच्याजवळ ह्यांचं तोंड कसं अखंड चालायचं!

आणि आवाज काय होता! शाळेच्या मैदानात प्रार्थनेला ह्यांना कधी भोंगा लागला नाही. मनोरा वरखाली करताना तो आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जायचा: "बसला का? बसला म्हणल्याशिवाय कुणी पाय ठेवायचा नाही!" ह्या मनोऱ्याचा हा पहिला आणि शेवटचा नियम. टप्पे नुसत्या दोरावर लटकलेले असतात. सगळे पूर्ण खाली बसेपर्यंत त्या जाळीवर चढायचं नाही, जाळीत हात घालायचा नाही. दोर सुटला, तर आतला टप्पा बाहेरच्या टप्प्यात सर्रकन उतरतो, आणि मधे सापडलेल्या बोटांचं अडकित्त्यातल्या सुपारीसारखं होतं. हे मला त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की मी शेतातून घरी येऊन मनोऱ्यापाशी नुसती वाकून पायताण काढत असले, तरी लांबून ओरडायचे, "बसला नाही अजून!"

देखभालीचं शास्त्र मी ऐकून ऐकूनच शिकले. दोराला दरवर्षी फडक्यानं पुसायचं, वरपासून खालपर्यंत, मुठीत सैलसर धरून. दोराची एखादी बारीक तार जरी तुटली असेल, तर ती फडक्याला ओढते. डोळ्याला दिसत नाही ते फडक्याला कळतं. कप्प्या फिरवून बघायच्या, त्यातल्या खाचा झिजल्यात का बघायचं. वर आणि खाली मोटर आपोआप थांबवणारी बटणं बोटानं दाबून पाहायची. आणि ग्रीस बेतानं लावायचं. ही शेवटची गोष्ट कुठल्याही माहितीपत्रकात नाही, ती आमच्या गावची. आमच्याकडे वाळलेली हळद जाळीदार ड्रममध्ये घालून घोळवतात, तिची साल निघते, चकाकी येते, आणि धूळ उडते. ती धूळ ग्रीसवर बसली की पिवळी खळ तयार होते आणि कप्प्यांच्या खाचांत घट्ट बसते. बाहेरून आलेल्या त्यांच्या रेडिओमित्रांना हे बघून नवल वाटायचं. हळद अंगाला लागली की अंग उजळतं, लोखंडाला लागली की लोखंड कुरकुरतं, असं हे म्हणायचे.

त्या चैत्राच्या आधीच्या पावसाळ्यात ह्यांचा आवाज बसला. खोकला असेल, गार पाणी असेल, रेडिओवर फार बोलल्यामुळं असेल. काढे झाले, गुळण्या झाल्या, हळदीचं दूध तर काय, आमच्या घरचंच. दिवाळीला आवाज कुजबुजीएवढा उरला. मग नांदेडला मोठ्या दवाखान्यात नेलं. ज्या माणसानं सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात टाकलं नाही, त्याच्या गळ्यात गाठ निघाली. जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी ते आम्हा दोघांना म्हणाले, "काही बोलायचं असेल तर आज बोलून घ्या."

मी खुर्ची ओढून जवळ बसले. खिडकीतून ऊन येत होतं. हे घोगऱ्या आवाजात बोलायला लागले, आणि बोलले ते मनोऱ्यावर. गिअरबॉक्सचं तेल कुठल्या डब्यात आहे, वीज गेली तर हँडल कुठं लावायचं, विजा चमकायला लागल्या की कुठली तार काढायची. मी हं हं करत राहिले. मला वाटत होतं, आता तरी एकदा 'इंदू' म्हणतील. शेवटी दमले, डोळे मिटले आणि म्हणाले, "गारा यायच्या झाल्या तर मोटर चालू करायच्या आधी दोर बघ, हं." एवढंच. ते ह्यांच्या आवाजातलं शेवटचं वाक्य. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले, आणि रडता रडता मला रागही आला. तो राग मी कुणाजवळ बोलले नाही.

ऑपरेशननंतर हे घरी आले ते पाटी घेऊन. गळ्यातल्या श्वासाच्या भोकावर रुमाल, हातात पाटी आणि पेन्सिल. सुरुवातीला सगळ्यांनी कौतुकानं वाट पाहिली. पण पारावरच्या गप्पा पाटीसाठी थांबत नाहीत. हे उसाबद्दल काही लिहायचे, तोवर विषय निवडणुकीवर गेलेला असायचा. कुणाला चष्म्याशिवाय दिसायचं नाही, कुणाला वाचताच यायचं नाही. मग हे लिहिलेलं तसंच पुसून टाकायचे. हळूहळू पारावर जाणं बंद झालं. सकाळच्या ठरल्या वेळेला रेडिओवर जमणारे मित्र फोन करायचे. हे फोन माझ्याकडे सरकवायचे आणि मान हलवायचे. यंत्रावर त्यांनी माझं जुनं लुगडं टाकलं. मनोरा खाली बसलेला, दोराला ओल खाऊन तांबूस रंग आलेला.

होळी जवळ आली तेव्हा एका दुपारी त्यांनी पाटीवर लिहून मला दाखवलं: "मनोरा विकू. परभणीकडचा एकजण पाडव्यानंतर न्यायला येतो म्हणतोय."

इतकी वर्षं मी ज्याच्या जाण्याची वाट पाहिली, तो जाणार होता. लिंबूणीची जागा मोकळी होणार होती. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला दिसला तो मनोरा गेल्यावरचा माणूस: खाटेवर, पाटी उशाशी, दाराकडं तोंड करून बसलेला. पारावर त्याला बोलता येत नव्हतं, आणि आभाळही आपण होऊन बंद करत होता. "विका," मी म्हणाले, "तुमची वस्तू आहे." दुसरं काय म्हणणार?

पण मास्तर तो मास्तर. देताना वस्तू चांगली द्यावी, मोडकं कुणाच्या गळ्यात मारू नये, म्हणून हे मनोऱ्याच्या दुरुस्तीला लागले. आमच्या हळदीसाठी त्या वेळी ओढ्यापलीकडच्या बंजारा तांड्यावरचे रूपसिंगभाऊ आले होते. त्यांचा कुकर आणि घोळवायचा ड्रम दरवर्षी आमच्याच परसात लागायचा. दिवसा हळद, आणि मधे मधे मनोरा, असं दोघांचं सुरू झालं. ह्यांनी खुणा करायच्या, रूपसिंगभाऊंनी पाना लावायचा. दोर डिझेलच्या फडक्यानं पुसला, कप्प्या काढून कोरून साफ केल्या, गिअरबॉक्सचं काळं तेल काढून नवं घातलं. ह्यांचे हात कोपरापर्यंत काळे आणि रूपसिंगभाऊंचे पिवळे. जेवायला बसले की मी दोघांनाही हात पुन्हा धुवायला पाठवायचे.

त्या दिवसांत मी एक पाहिलं. खाटेवर बसल्यावर ह्यांचा चेहरा पुसलेल्या पाटीसारखा असायचा. मनोऱ्यापाशी मात्र भुवया उडायच्या, ओठ हलायचे. रूपसिंगभाऊ चुकून जाळीत हात घालायला गेले की हे पाय आपटायचे, टाळ्या वाजवायचे. ते हसून म्हणायचे, "समजलं सर, समजलं! बसल्याबिगर हात न्हाई!" मोटर पुन्हा घूं करून फिरली त्या दिवशी ह्यांनी पत्र्याच्या टोपीवर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारावी तशी.

गुढीची कल्पना गंगाकाकूंची. पाडव्याच्या आदल्या दिवशी त्या कडूलिंबाचे टहाळे मागायला आल्या आणि मनोऱ्याकडं बघत राहिल्या. "विकायचाच हाय ना हा? मग एकडाव ह्याच्यावर गुढी उभी करा की. लेकरं बघतील. सगळ्या शिवाराला दिसंल."

खरं म्हणजे मनोऱ्यावर अँटेनाखेरीज काही बांधायचं नाही, हा ह्यांचा दुसरा नियम. मला वाटलं आता नाही म्हणतील. पण ह्यांनी काकूंकडं पाहिलं, मनोऱ्याकडं पाहिलं आणि मान डोलावली. विकायच्या वस्तूचे नियम माणूस सैल सोडतो. आता एवढं सगळं ठाऊक असलेल्या माणसानं लोखंडी कप्प्यांच्या वर सहावारी साडी बांधू द्यावी का? पण पाडवा म्हटला की आमच्याकडच्या माणसाच्या डोक्यात यंत्र मागं पडतं आणि गुढी पुढं येते. मीही आतून माझी नवी साडी आणली, हिरवी, लाल काठाची. बांबूला साडी, लिंबाचा डहाळा, साखरेची गाठी, झेंडूची माळ, वर पालथा तांब्या. रूपसिंगभाऊंनी शिडीवर उभं राहून तो बांबू सगळ्यात आतल्या टप्प्याला बांधला आणि शिडी बाजूला केली. बटण मी दाबलं.

ती गुढी वर जाताना ज्यांनी पाहिली ते अजून सांगतात. टप्प्यामागून टप्पा निघत गेला आणि माझी साडी नारळांच्या वर गेली, पोपटांच्या वर गेली. तांब्या असा चमकला की वारंग्याच्या रस्त्यानं येणारी माणसं गाडी थांबवून बघत होती म्हणे. पोरं ओरडत होती. गंगाकाकूंनी खालूनच हळदकुंकू वाहिलं. ह्यांनी मान मागं टाकून इतका वेळ वर पाहिलं की गळ्याचा रुमाल सुटला, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तो पुन्हा बांधायची त्यांना घाई नव्हती.

दुपारनंतर वारा सुटला. पश्चिमेकडं, औंढ्याच्या बाजूनं, आभाळ शाईसारखं व्हायला लागलं. चैत्रात आमच्याकडं असं आभाळ आलं की आधी खळ्यावरची हळद झाकायची, मग देवाचं नाव घ्यायचं. परसात एकच धावपळ उडाली. ताडपत्र्या, दगड, पोती. साडीच्या निऱ्या वाऱ्यानं सुटल्या होत्या आणि तिचा पदर खाली जाळीवर फटफटत होता. ते कुणी पाहिलं नाही. ह्यांनी हात खाली करत मला खूण केली: खाली घे. मी दोर बघितला, त्यांनी शेवटच्या वाक्यात सांगितलं होतं तसा, आणि बटण दाबलं. दोर चांगला होता. साडी बघायचं त्यांनी सांगितलं नव्हतं.

निम्म्यात मनोरा थांबला. मोटर मात्र घूं घूं करत दोर सोडतच राहिली. क्षणभर मला काही कळेना. मग दिसलं: साडी कप्पीत ओढली गेली होती, आतला टप्पा तिच्यात पाचर मारल्यासारखा अडकला होता, आणि ज्या दोरानं त्याला धरायचं तो दोर सैल पडून लोंबत होता. अख्खा माथा, अँटेना, बांबू, तांब्या, सगळं माझ्या साडीला टांगलेलं. ह्यांनी धावत येऊन माझा हात बटणावरून काढला.

तेवढ्यात रूपसिंगभाऊंनी पाय जाळीवर टाकला. त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. वहिनींची साडी अडकली, ओढून मोकळी करावी, गारा यायच्या आत गुढी उतरवावी. एक पायरी चढले, दुसरी चढले, एक हात जाळीत घालून वरची कड धरली.

माझा आवाज शाबूत होता. मी तोंड उघडलं आणि काही निघालंच नाही. त्या क्षणी मला कळलं, आवाज असणं आणि आवाज निघणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ह्यांचे ओठ हलले, गळ्यातून नुसता वारा आला. मग त्यांनी खाली पडलेला पाना उचलला, शेजारच्या घोळवायच्या रिकाम्या ड्रमवर घातला आणि वाजवायला लागले. तीन ठोके तुटक. मग तीनदा तो पाना ड्रमच्या जाळीवरून खर्रर्र ओढला. पुन्हा तीन तुटक. पुन्हा तेच. त्या आवाजानं पोरं कानावर हात ठेवून बघायला लागली.

रूपसिंगभाऊ जागच्या जागी थांबले. मान वळवून ड्रमकडं पाहिलं, ह्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं, हात जाळीतून काढला आणि खाली उडी मारली. ते मागं सरतात न सरतात तोच वाऱ्याचा झोत आला, माझी साडी टर्रकन फाटली आणि वरचा टप्पा खाली आला. तसला आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. तांब्या चेपून अंगणात गरगरत आला आणि गाठीची साखर हळदीच्या ताडपत्रीवर सांडली.

"अगं बाई, गुढी पडली!" गंगाकाकूंनी कपाळाला हात लावला. "सणाच्या दिवशी अपशकुन!"

रूपसिंगभाऊ दोन्ही हात डोळ्यांसमोर धरून उभे होते. बोटं उघडत होते, मिटत होते. "गुढी पडली काकू," ते म्हणाले, "पर माझी बोटं ऱ्हायली. ह्याच्यापेक्षा चांगला शकुन कोनता?"

गारा आल्याच नाहीत. आभाळ नुसतं गुरगुरून पूर्वेकडं निघून गेलं. मी चहा केला. ड्रमच्या कडेला हे बसले होते, पाना मांडीवर. रूपसिंगभाऊंनी बशीत चहा ओतला, फुंकला, आणि मग म्हणाले, "सर, काय वाजवलं तुमी, ते मला न्हाई समजलं. पर थांब म्हणून राहिले, येवढं पायाला समजलं. आमच्या तांड्यावर नगारा बोलतो. होळीचा येगळा, मयताचा येगळा, मानसं बोलवायचा येगळा. नगाऱ्याला कुठं गळा असतो? तरी बोलतोच की तो."

ह्यांनी बशी खाली ठेवली. रूपसिंगभाऊंकडं पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडं. आणि मला ते काय होतं ते उमगलं. रेडिओच्या परवान्यासाठी तरुणपणी हे तारखात्यातली कट्ट-कड भाषा, म्हणजे मोर्स, शिकले होते. तीन तुटक, तीन लांब, तीन तुटक, ही तिच्यातली संकटाची खूण. परीक्षा झाली आणि ह्यांनी ती ठोकायची पितळी कळ ट्रंकेत टाकली. मी तेव्हा विचारलं होतं, तर म्हणाले होते, "तोंड असताना बोटांनी काय बोलायचं?" एवढ्या वर्षांत ती भाषा त्यांच्याजवळ होती. मनातून गेली असेल, पण हातातून गेली नव्हती.

संध्याकाळी ट्रंक उघडली. पितळी कळ हिरवी पडली होती. चिंचेनं घासली मीच, समईसोबत.

मनोरा बघायला परभणीकडचा माणूस आला तेव्हा हे ओसरीवर बसून कट्ट-कड घोकत होते. मी त्याला पुरणपोळी वाढली आणि सांगितलं, "मनोरा विकायचा नाही." तो म्हणाला, सरांनी तर कळवलं होतं. मी म्हटलं, "सरांनी कळवलं असेल. दोर बदलायचाय, कप्पी वाकलीय, आणि आमचा विचारही बदललाय." ओसरीवरची कट्ट-कड जरा वेळ थांबली आणि मग आधीपेक्षा जोरात सुरू झाली. लिंबूणी पुढं मी समोरच्या अंगणात लावली. बरी येते.

रूपसिंगभाऊ वारंगा फाट्यावरून नवा दोर घेऊन आले. जुना दोर काढताना फाटक्या साडीचा तुकडा कप्पीतून निघाला. त्यानंच नवा दोर पुसून पाहिला. कुठं ओढला नाही. मनोरा वर गेला तेव्हा रूपसिंगभाऊ दहा हात लांब उभे राहून मोठ्यानं म्हणाले, "बसला म्हणल्याबिगर कुनी पाय ठेवायचा न्हाई!" ह्यांचंच वाक्य, ह्यांच्याच चालीत. हे हसले. आवाजाशिवाय हसता येतं, हे मी विसरले होते.

मग यंत्रावरचं लुगडं निघालं. दिवे लागायच्या वेळेला हे कळीवर बसले. मी शेजारी सुपात हळकुंडं निवडत होते. पहिल्यांदा हाताला घाम, मग हळूहळू लय आली. आभाळात हाक गेली आणि कुणीतरी ओ दिली. आसामकडचा एक माणूस होता, ह्यांना कधीच न भेटलेला, ह्यांचा आवाज कधीच न ऐकलेला. त्याच्या लेखी ह्यांचं काहीच गेलेलं नव्हतं. तो जेवढा बोटांनी बोलत होता, तेवढेच हेही बोलत होते. ह्यांच्या पाटीसाठी तिथं कुणी खोळंबलं नव्हतं. बराच वेळ कट्ट-कड चालली. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, आणि तरी इतक्या महिन्यांनी घरात कुणीतरी बोलतंय असं वाटत होतं. मी हळकुंडं उगाच परत परत निवडत राहिले.

पलीकडचा बोलायला लागला की हे ऐकत ऐकत पाटीवर एकेक इंग्रजी अक्षर उतरवून घ्यायचे. शेवटी त्यांनी कळ सोडली आणि पाटी बाजूला ठेवायला गेले. मी चष्मा लावून ओढून घेतली. हवामान विचारलं होतं, मनोरा किती उंच ते विचारलं होतं. आणि सगळ्यात खाली निरोप घेताना त्यानं म्हटलं होतं: "मनोरा सांभाळणाऱ्या इंदूभाभींना नमस्ते."

मी वर पाहिलं. "ह्याला माझं नाव कुणी सांगितलं?"

हे कळ पुसायला लागले. पुसण्यासारखं तिच्यावर काही नव्हतं. लग्नातल्या पंगतीपासून ओळखीचा तो लाल रंग त्यांच्या कानांवर चढला. जे नाव ह्यांना चार बायकांसमोर घेता आलं नाही, ते हे आत्ताच आभाळभर सांगून बसले होते.